ब्रूट: शॅम्पेनला नाशिकचा पर्याय

ब्रूट ही बुडबुड्यांची, पण जिभेला गोड न लागणारी वाइन आहे. युरोपीय नियमानुसार एका लिटरमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तरच बाटलीवर ‘ब्रूट’ छापता येते. शॅम्पेन हा या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत महाग नमुना. बाजारात येणारी बहुतेक शॅम्पेन ब्रूटच असते, मात्र प्रत्येक ब्रूट शॅम्पेन नसते. पॅरिसच्या पूर्वेकडील शॅम्पेन प्रांतात पिकलेल्या, मुख्यतः शार्दने, पिनो न्वार आणि पिनो म्यूनिए या तीन जातींच्या द्राक्षांपासून, त्याच प्रांतात, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या वाइनलाच ते नाव कायद्याने लावता येते. त्याच पद्धतीने फ्रान्सच्या इतर भागांत होणारी वाइन क्रेमाँ म्हणून विकली जाते, स्पेनची कावा म्हणून. इटलीची प्रोसेको बहुतांशी वेगळ्या पद्धतीची. आणि मुंबईत भांडुप, मुलुंड किंवा घाटकोपरच्या वाइन शॉपमध्ये सहज मिळणारी ब्रूट बहुधा नाशिक जिल्ह्यातली असते.

हिला ‘स्वस्तातली शॅम्पेन’ म्हणण्याची सवय आहे. ती सोडलेली बरी. नाशिकच्या ब्रूटचे द्राक्ष वेगळे, हवा वेगळी आणि चवही वेगळी. सारखी आहे ती करण्याची रीत, आणि खरे मोल त्या रीतीत आहे.

वाइनमध्ये बुडबुडे आणण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला म्हणजे तयार वाइनमध्ये सोड्यासारखा कार्बन डायऑक्साइड दाबाने भरणे. असे बुडबुडे मोठे असतात आणि लवकर विरतात. दुसरा मार्ग टाकीचा. इटलीच्या फेदेरीको मार्तिनोत्तीने १८९५ मध्ये तो शोधला आणि फ्रान्सच्या यूजेन शार्माने १९०७ मध्ये सुधारला. यात दुसरे किण्वन, म्हणजे तयार वाइनचे पुन्हा आंबणे, मोठ्या बंद टाकीत होते. प्रोसेको बहुतेक अशीच होते. ताज्या फळाचा वास जपायला ही पद्धत उत्तम. तिसरा मार्ग बाटलीचा. तो सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत वेळखाऊ.

बाटलीच्या पद्धतीत आधी साधी, बुडबुडे नसलेली, चांगली आंबट वाइन करून घेतात. ती बाटलीत भरताना लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि थोडे यीस्ट घालतात आणि सोड्याच्या बाटलीला असते तसले धातूचे टोपण ठोकतात. अंधाऱ्या, थंड तळघरात आडव्या ठेवलेल्या बाटल्यांमध्ये यीस्ट ती साखर खाते. त्यातून थोडा मद्यार्क वाढतो, साधारण सव्वा टक्का. आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. शेवटी बाटलीतला दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या अडीचपट. स्पार्कलिंग वाइनची बाटली इतकी जाड आणि जड का असते, याचे कारण हेच.

साखर संपली की यीस्ट मरते आणि बाटलीच्या अंगाला साका धरतो. अनुभवी वाइनकार तो लगेच काढत नाही. मेलेल्या पेशी हळूहळू विरघळत जातात आणि त्यांतून वाइनला पावाचा, बेकरीतल्या ताज्या बिस्किटांचा वास येतो. तोंडात ती दाट, मऊ लागते. साध्या शॅम्पेनला बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने तळघरात काढावेच लागतात, त्यातले १२ साक्यावर. एकाच सालच्या शॅम्पेनला तीन वर्षे. शॅम्पेनच्या किमतीतला मोठा वाटा या थांबण्याचा असतो.

मग साका काढायचा. त्यासाठी बाटली दिवसागणिक थोडी थोडी फिरवत, कलती करत तोंडावर उभी करतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रँस शहरातल्या व्हव क्लिको या शॅम्पेन कंपनीच्या तळघरात ही युक्ती पक्की झाली. पूर्वी हे काम कारागीर हातांनी करत. आता मोठ्या कारखान्यांत शेकडो बाटल्यांचा पिंजरा यंत्र फिरवते. सगळा साका टोपणापाशी जमला की बाटलीची मान गोठवणाऱ्या द्रावात बुडवतात, टोपण उघडतात आणि गोठलेला साका आतल्या दाबाने उडून बाहेर पडतो. रिकामी झालेली तेवढी जागा वाइन आणि हवी तितकी साखर घालून भरतात, बूच मारतात आणि तारेने बांधतात. तारेच्या या टोपीचे पेटंट आदोल्फ जाकसों यांनी १८४४ मध्ये घेतले.

वाइन कोरडी की गोड, हे या शेवटच्या भरतीत ठरते. साखर मुळीच न घालता लिटरमागे ३ ग्रॅमच्या आत राहिली तर ती ब्रूट नेचर, ६ ग्रॅमपर्यंत एक्स्ट्रा ब्रूट आणि १२ च्या आत ब्रूट. गंमत अशी की ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली बाटली ब्रूटपेक्षा गोड असते: १२ ते १७ ग्रॅम. सेक ३२ पर्यंत जाते आणि देमी-सेक ५० पर्यंत. दुकानात उभे राहून बाटली निवडणाऱ्याने एवढा क्रम लक्षात ठेवला तरी पुरे. नाव, सोनेरी कागद आणि किंमत यांतून चवीचा अंदाज येत नाही.

आज ब्रूट हाच सर्वसाधारण प्रकार असला तरी एकोणिसाव्या शतकातली शॅम्पेन आजच्या मानाने पाकासारखी गोड असे, आणि रशियाला जाणारी तर सर्वांत गोड. कोरड्या वाइनची मागणी इंग्लंडमधून आली. मादाम पॉमेरी यांनी १८७४ च्या द्राक्षांपासून इंग्रजी गिऱ्हाइकांसाठी कोरडी शॅम्पेन केली आणि पुढे तीच रीत रूढ झाली. कोरडी वाइन करणे अवघडच. साखर द्राक्षाचे दोष झाकते. ती काढली की कच्ची, बेचव किंवा जास्त पिकलेली द्राक्षे लगेच उघडी पडतात. चांगली ब्रूट म्हणूनच बागायतदाराच्या कामाची परीक्षा असते.

महाराष्ट्रात या परीक्षेची सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावी झाली. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात शातो इंडाज या वाइन कंपनीची उभारणी केली आणि फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेन कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेतले. तिथली बाटलीत आंबवलेली ब्रूट परदेशात ‘ओमर खय्याम’ आणि देशात ‘मार्कीज द पाँपादूर’ या नावाने विकली गेली. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर अशी वाइन होऊ शकते, हे लंडनच्या गिऱ्हाइकाने चाखून पाहिले, तेव्हा मुंबईत वाइन पिणारे फार थोडे होते. ही कंपनी २०१० च्या सुमारास कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडली, पण तिने घालून दिलेली वाट मोडली नाही.

नाशिकच्या गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वाइनची द्राक्षे लावली आणि सुला व्हाइनयार्ड्सची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. त्यानंतर राज्य सरकारच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या वाइनला अबकारी सवलत दिली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले गेले आणि बघता बघता नाशिक देशातले सर्वांत मोठे वाइन केंद्र बनले. सुला ब्रूट, गंगापूर धरणाकाठच्या यॉर्कची स्पार्कलिंग क्युव्हे, इगतपुरी तालुक्यातल्या सांजेगावहून आलेली झाम्पा स्वारे ही या पट्ट्यातली ओळखीची नावे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या मोहिते-पाटील कुटुंबाने दिल्लीच्या आणि इटलीच्या भागीदारांसह उभी केलेली फ्रातेल्लीही ब्रूट करते.

शॅम्पेनच्या मालकांनीच नाशिकला येणे, ही या सगळ्यावरची मोहोर म्हणावी लागेल. मोएट अँड शाँदों या कंपनीने १९५९ मध्ये अर्जेंटिनात, १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात आणि १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘शाँदों’ नावाने स्थानिक स्पार्कलिंग वाइन करायला घेतली होती. भारतासाठी तिने दिंडोरी निवडले आणि २०१३ मध्ये शाँदोंची भारतीय ब्रूट आणि रोझे बाजारात आली. तिच्या बाटलीवर शॅम्पेन हा शब्द नाही आणि असूही शकत नाही. 

नाशिकची हवा शॅम्पेनच्या अगदी उलट आहे. शॅम्पेन ४९ अंश उत्तर अक्षांशावर, वर्षाचे सरासरी तापमान ११ अंशांच्या आसपास, खाली खडूचा दगड. तिथे द्राक्ष पिकायलाच धडपडते, त्यामुळे आंबटपणा आपोआप टिकतो. नाशिक २० अंशांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. इथे वेल झोपी जातच नाही, म्हणून माणसाला तिचे वर्ष आखावे लागते. त्यासाठी वर्षात दोन छाटण्या होतात: एप्रिलमध्ये काडी तयार करण्यासाठी खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी. त्यामुळे घड थंडीत पिकतात. निफाड-दिंडोरीच्या शिवारात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांखाली जातो आणि दुपारी ऊन लख्ख असते. दिवसाचे ऊन साखर घालते, रात्रीचा गारवा आंबटपणा राखतो.

तरीही घाई करावी लागतेच. साध्या वाइनसाठी द्राक्षाच्या रसातली साखर २२-२४ ब्रिक्सपर्यंत, म्हणजे जवळपास तितक्या टक्क्यांपर्यंत, चढू देतात. ब्रूटसाठी साधारण १८ ला घड उतरवतात, कारण दुसऱ्या किण्वनात मद्यार्क आणखी वाढणार असतो आणि आंबटपणा गमावून चालत नाही. तोडणी पहाटे, लहान क्रेटमध्ये, मणी न फुटू देता होते. उन्हात तासभर पडून राहिलेला घड ब्रूटच्या कामाचा राहत नाही.

आता द्राक्षाविषयी. नाशिकच्या बहुतेक ब्रूटचा कणा शेनँ ब्लाँ आहे. ही शॅम्पेनची जात नव्हे. तिचे घर फ्रान्सच्या ल्वार नदीकाठी, व्हूव्रे आणि सोम्यूर गावांच्या परिसरात आहे. तिथेही तिच्यापासून बाटलीच्या पद्धतीने उत्तम स्पार्कलिंग वाइन होते. उन्हात पिकूनही आंबटपणा न सोडण्याचा तिचा गुण नाशिकला फार मोलाचा ठरला. तेव्हा नाशिकच्या ब्रूटची तुलना करायचीच तर ती व्हूव्रेशी करावी. शॅम्पेनमध्ये जिथे भाजलेल्या पावाचा आणि बदामाचा वास येतो, तिथे इथे हिरवे सफरचंद, नासपती, लिंबाची साल आणि कधी पिकत आलेला पेरू येतो. साक्यावरचा काळ थोडा असल्याने दाटपणा कमी आणि तरतरी जास्त. उकाड्याच्या शहरात जेवणाआधी थंडगार प्यायला हा स्वभाव अधिक योग्य आहे, असे निःसंकोच म्हणता येते.

भांडुपशी नाशिकच्या या द्राक्षपट्ट्याचे नाते जुने आहे, आणि ते रेल्वेचे आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आले असताना मुंबईला ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटांशी लोहमार्गाने जोडण्याची कल्पना त्यांना पहिल्यांदा सुचली. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, पहिली गाडी बोरीबंदरहून भांडुपवरून ठाण्याला गेली. १८६५ मध्ये थळ घाट, म्हणजे आजचा कसारा घाट, ओलांडून रूळ इगतपुरीला पोहोचले. खुद्द भांडुपमध्ये एके काळी रमची मोठी भट्टी होती. ती आधी ल्यूक अ‍ॅशबर्नर आणि मग कावसजी माणेकजी यांच्याकडे होती. ती भट्टी केव्हाच गेली. आज नाशिकची ब्रूट भिवंडी बायपासवरून ट्रकने येते आणि लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या दुकानांत उभी राहते.

किमतीचा फरक मोठा आहे. नाशिकची बाटलीत आंबवलेली ब्रूट मुंबईत साधारण एक ते दोन हजार रुपयांत येते. शॅम्पेनला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. परदेशी वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क लागत आले आहे, त्यामुळे या फरकाचा मोठा भाग कराचा असतो, चवीचा नव्हे.

बाटली घेताना मागचे लेबल वाचावे. ‘ट्रॅडिशनल मेथड’ किंवा तिचे फ्रेंच रूप छापलेले असेल तर किण्वन त्याच बाटलीत झाले आहे. भरल्याची तारीख जितकी अलीकडची तितके बरे. या वाइन वर्षानुवर्षे साठवण्यासाठी नसतात. काचेआड उन्हात मांडून ठेवलेली बाटली घेऊ नये, कारण प्रकाशाने वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य विकत घेण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचाही मिळतो.

घरी आणल्यावर बाटली माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नये. भांडुपच्या मे महिन्यात तिथली उष्णता वाइन महिनाभरात थकवते. फ्रिजच्या दारातही नको, कारण दार उघडताना बसणारे हिसके तिला मानवत नाहीत. आतल्या खालच्या फळीवर तीन-चार तास आडवी ठेवली की पुरे. घाई असेल तर बादलीत निम्मे पाणी, निम्मा बर्फ घालून त्यात अर्धा तास. नुसत्या बर्फापेक्षा पाणी-बर्फात ती लवकर गार होते. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली फुटू शकते. पिताना सात ते नऊ अंश हे योग्य तापमान.

उघडण्याची रीत शिकून घ्यावी अशी आहे. आधी वरचा कागद सोलावा. तारेच्या कडीला सहा अर्धे वेढे असतात. ते सोडताना पहिल्यापासून अंगठा बुचावरच दाबून ठेवावा, कारण तार सुटताच बूच कोणत्याही क्षणी उडू शकते. तार काढून टाकू नये, सैल करून बुचासकट धरावी. वर फडके टाकावे, बाटली पंचेचाळीस अंशांत कलती धरावी आणि तोंड माणसांपासून व ट्यूबलाइटपासून दूर ठेवावे. मग बूच स्थिर धरून बाटली खालून हळूहळू फिरवावी. बूच वर येऊ लागले की त्याला उलट दाबत अडवावे. नीट उघडलेली बाटली फट् वाजत नाही, नुसता सुस्कारा सोडते. दाणकन बूच उडवले की निम्मा फेस जमिनीवर जातो, आणि तोच फेस करायला कित्येक महिने गेलेले असतात.

पेला उभा, निमुळता असावा, किंवा साधा व्हाइट वाइनचा. उथळ, पसरट पेल्यात बुडबुडे आणि वास दोन्ही लवकर निघून जातात. पेला साबणाने धुतला तर भरपूर पाण्याने खळबळून घ्यावा. साबणाचा थर फेस मारतो. सुती फडक्याने पुसलेला पेला उलट चांगला. रँस विद्यापीठाचे जेरार लिजे-बेलेर यांनी दाखवले आहे की बुडबुड्यांच्या माळा काचेतून उगवत नाहीत, तर काचेला चिकटलेल्या अतिसूक्ष्म धाग्यांच्या पोकळीतून उठतात. आधी पेल्याच्या तळाशी दोन बोटे ओतून फेस बसू द्यावा आणि मग दोन तृतीयांश भरावा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सहा पेले होतात.

ब्रूट जेवणाबरोबर खुलते, आणि मराठी घरातल्या तळणीशी तर विशेष. तिचा आंबटपणा तेल कापतो आणि बुडबुडे जीभ पुसून काढतात. कोथिंबीर वडी, अळूवडी, साबुदाणा वडा, कांदा भजी, साधा शेवचिवडा, यांतले काहीही चालते. भांडुपमध्ये कोकणातून आलेली कुटुंबे पुष्कळ आणि मासळी रोजची; रव्यात घोळवून कुरकुरीत तळलेले बोंबील आणि थंड ब्रूट ही जोडी शॅम्पेन-ऑयस्टरच्या जोडीला कुठेही कमी नाही. तिसऱ्या सुक्या, कोळंबी तळलेली, सुरमईची तुकडी, सगळे जमते. झणझणीत मालवणी रस्सा मात्र टाळावा, कारण मिरचीचा जाळ बुडबुड्यांनी वाढतो आणि वाइनची चव हरवते. सोलकढी आणि ब्रूट एकाच घासाला नकोत. दोन आंबट एकमेकांना मारतात.

सर्वांत मोठी चूक केकपाशी होते. वाढदिवसाला किंवा लग्नाला केक कापायचा आणि लगेच ब्रूटचे पेले हातात द्यायचे, ही पद्धत रूढ आहे. साखरेनंतर कोरडी वाइन तोंडात कडवट आणि पाणचट लागते, आणि मग ‘शॅम्पेन आवडत नाही’ असा ग्रह कायमचा होतो. ब्रूट केकच्या आधी, तळलेल्या पदार्थांबरोबर द्यावी. गोडाबरोबर, श्रीखंड किंवा पुरणपोळीबरोबर, द्यायचीच असेल तर देमी-सेक शोधावी.

उरलेली वाइन दाबून बसणाऱ्या खास झाकणाने बंद करून फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगली राहते. बाटलीच्या तोंडात चमचा उलटा टाकण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. त्याने काहीही होत नाही. आणि सुमारे १२ टक्के मद्यार्काची ही वाइन बुडबुड्यांमुळे साध्या वाइनपेक्षा लवकर रक्तात जाते, हे यजमानाने लक्षात ठेवावे. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची आहे. दोन पेल्यांनंतर पाहुण्यांना घरी जायला रिक्षा किंवा लोकलच बरी.